कामाची वाट आणि सायकल

दौंडच्या अथवा शिरूरच्या रस्त्याने एखादा बऱ्या स्थितीतला गृहस्थ सायकलीवरून जाताना दिसला, म्हणजे वाटेत भेटणारा जो तो त्यास एकच प्रश्न विचारतो : "काय, गाडी बिघडली वाटतं?" या प्रश्नात कुचेष्टा नसते, असते ती मनापासूनची हळहळ. चाळिशी उलटलेला, पगारदार, दारात मोटारसायकल असलेला मनुष्य आपखुशीने सायकलीवर बसेल, ही गोष्टच विचारणाऱ्याच्या कल्पनेत येत नाही. 'गाडी' या शब्दाचाही येथे एक लहानसा इतिहास आहे. आमच्या आजोबांच्या तोंडी गाडी म्हणजे बैलगाडी. वडिलांच्या पिढीला दौंडास गाडी म्हटले की आगगाडीच समजे. आणि आज गाडी म्हणजे मोटारसायकल. सायकलीला मात्र या तिन्ही पिढ्यांत कोणी गाडी म्हटले नाही. ती आपली सायकल ती सायकलच राहिली. घरातील गरीब नातलगासारखी, कामाला सर्वांच्या पुढे आणि मानाला सर्वांच्या मागे.

आम्ही गेली बारा वर्षे पाच किलोमीटरची कचेरीची वाट सायकलीने जातो व येतो. हा काही पराक्रम नव्हे, आणि त्याची जाहिरात करावी असेही आमच्या मनात नाही. परंतु इतकी वर्षे एकाच रस्त्याने, एकाच गतीने जाणाऱ्या माणसाला रस्ता पुष्कळ काही शिकवितो. मोटारीतून जाणाऱ्याला गाव दिसते. सायकलीवरून जाणाऱ्याला माणसे दिसतात. ती माणसे, त्यांची बदललेली चाल आणि त्या चालीबरोबर बदललेली प्रकृती पाहून आमच्या मनात जे विचार आले, ते वाचकांपुढे मांडावेत एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रवासाच्या साधनांच्या दृष्टीने ही दोन्ही गावे सामान्य नव्हेत. दौंड भीमेच्या काठी वसले आहे, आणि भीमेच्या या थडीवरच्या तट्टांची कीर्ती मराठ्यांच्या घोडदळाबरोबर फार दूरवर गेली. बुटकी, काटक, वैरणीला स्वस्त आणि वाटचालीला न थकणारी अशी ती भीमथडीची तट्टे होत. शिरूर, ज्याला जुने लोक अद्याप घोडनदीच म्हणतात, तेथे पुढे 'पूना हॉर्स' या नावाने प्रसिद्धी पावलेल्या घोडदळाचे ठाणे पुष्कळ वर्षे होते. 1858 साली पुण्याहून निघालेला लोहमार्ग दौंडावरून दिकसाळपर्यंत गेला. 1878 साली दौंडाहून मनमाडकडे फाटा निघाला आणि दौंड हे जंक्शन झाले. शिरूरास आगगाडी आली नाही. त्याचे भाग्य पुण्याहून नगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, जाणाऱ्या सडकेशी जोडलेले राहिले. तात्पर्य, एक गाव रुळांवर वाढले आणि दुसरे सडकेवर. दोघांच्या मध्ये भीमा व घोड या नद्यांचा, उसाचा आणि माळरानाचा मुलूख पसरला आहे.

या मुलखात सायकल आली ती भीमथडीच्या तट्टाची वारस म्हणूनच आली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने 1885 साली दोन सारख्या चाकांची आणि साखळीची 'रोव्हर' सायकल काढली, 1888 साली डनलॉपने हवेचे टायर काढले, आणि त्या दोहोंच्या संयोगाने जे वाहन सिद्ध झाले त्याच्या मूळ आकारात त्यानंतर फारसा बदल करावा लागलाच नाही. तट्टाप्रमाणेच ती काटक, आणि वैरण तर तिला मुळीच नको. 1973 साली एस. एस. विल्सन या ऑक्सफर्डच्या अभ्यासकाने हिशेब मांडून दाखविला की, आपल्या वजनाच्या मानाने एक मैल जाण्यास कमीत कमी शक्ती कोणास लागते असे पाहिले, तर घोडा, पक्षी, मासा, मोटार, विमान या सर्वांच्या पुढे सायकलीवर बसलेला मनुष्य येतो. पायी चालणारा मनुष्य त्या यादीत पुष्कळ खाली आहे. साध्या लोखंडी नळ्या, दोन चाके आणि एक साखळी यांनी प्राणिमात्रात त्याचा क्रम बदलून टाकला.

दौंडच्या रेल्वेतील कामगार, टपालाचे शिपाई, कॅनमधून दूध घालणारे गवळी, वाडीवस्तीवरच्या शाळांचे मास्तर, या सर्वांचा संसार सायकलीवर चालला. लोको शेडातील पाळी बदलण्याच्या वेळी लिंगाळी, गोपाळवाडी, गिरीम या बाजूंच्या रस्त्यांवर हँडलला डबा अडकविलेल्या सायकलींची रांग लागे. पुण्यास नोकरीला जाणारे पासधारक पहाटे स्टेशनाजवळ सायकल लावीत आणि रात्री परत येऊन त्याच सायकलीने घर गाठीत. शिरूरास बाजाराच्या दिवशी सरदवाडी, तर्डोबाचीवाडी इकडून येणाऱ्या सायकलींच्या कॅरिअरवर भाजीच्या पाट्या असत. पोरांचे शिक्षणही याच शाळेत होई : तासावर भाड्याने सायकल घ्यावी, सीटवर बसून पाय पुरत नसले तर नळीखालून पाय घालून अर्धे पायंडल मारावे, गुडघे फोडून घ्यावेत, आणि तास भरण्याच्या आत सायकल दुकानदाराच्या स्वाधीन करावी.

हे चित्र पालटले ते एकाएकी नव्हे. रांजणगावास आणि कुरकुंभास औद्योगिक वसाहती झाल्या. शिरूराहून रांजणगाव सतरा-अठरा किलोमीटर, दौंडाहून कुरकुंभ दहाएक किलोमीटर. पाळ्या तीन, त्यांत एक रात्रीची. उसाचा आणि जमिनीचा पैसा आला, हप्त्यावर मोटारसायकल मिळू लागली. 2011 च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामांस जाणारे लोक कशाने जातात हे विचारले गेले, तेव्हा देशात सुमारे 13 टक्के लोक सायकलीने आणि त्यांहून किंचित कमी लोक स्कूटर-मोटारसायकलीने कामावर जात होते. म्हणजे तोपर्यंत सायकल नाकाच्या शेंड्याइतकी पुढे होती. त्यानंतर काय झाले ते सांगण्यास जनगणनेची गरज नाही. कोणत्याही कारखान्याच्या दारापाशी उभे राहिले तरी पुरे. 1951 साली सोनिपतास सुरू झालेल्या 'अ‍ॅटलस' सायकलीच्या कंपनीने आपला साहिबाबादचा शेवटचा कारखाना 2020 साली ज्या दिवशी बंद केला, तो 3 जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी 2018 मध्ये ठरविलेला जागतिक सायकल दिन होता. दैवाची थट्टा यापेक्षा नेमकी असू शकत नाही.

मोटारसायकलीची निंदा करण्यास आम्ही बसलो नाही. मध्यरात्री बाळंतीण दवाखान्यात न्यावयाची असता ज्याने वस्तीवर बैलगाडी जुंपलेली पाहिली आहे, तो मोटारसायकलीस शिव्या देणार नाही. सतरा किलोमीटर दूर असलेल्या कारखान्यात रात्रपाळी करून पहाटे परतणाऱ्याने सायकल वापरावी, असा उपदेश करणे म्हणजे स्वतः सावलीत बसून दुसऱ्यास उन्हाचे महत्त्व सांगणे होय. तसेच कोयता घेऊन दिवसभर ऊस तोडणाऱ्या स्त्री-पुरुषांना व्यायामाचे धडे देण्याचा अधिकार कोणासच नाही. त्यांना हवी आहे ती विश्रांती. आमचे बोलणे आहे ते आमच्यासारख्यांपुरतेच : ज्यांचे काम टेबलाशी, दुकानाच्या गल्ल्याशी किंवा वर्गात आहे, आणि ज्यांची वाट पाच-सहा किलोमीटरांच्या आत आहे. अशांची संख्या या दोन गावांत थोडीथोडकी नाही. आणि त्यांच्याच घरांत आज डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाढत आहेत.

खेड्यातील मनुष्य कष्टाळू, त्याला व्यायाम कशाला, ही आपली जुनी समजूत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एका मोठ्या पाहणीचा जो भाग 2014 साली प्रसिद्ध झाला, त्यात चार प्रदेशांपैकी महाराष्ट्र एक होता. त्या पाहणीत निम्म्याहून अधिक, म्हणजे 54.4 टक्के लोक निष्क्रिय ठरले. शहरांत हे प्रमाण 65 टक्के होते, याचे कोणास नवल वाटणार नाही. परंतु खेड्यांतही ते 50 टक्के होते, याचे वाटले पाहिजे. आणि करमणूक म्हणून खेळणारे किंवा फिरणारे लोक शंभरात दहाही नव्हते. शेतात ट्रॅक्टर आला, विहिरीवर मोटार आली, दळणाला गिरणी आली, रस्त्यावर मोटारसायकल आली. या प्रत्येकीने एकेक कष्ट हलका केला, आणि ते योग्यच झाले. पण त्या सर्वांनी मिळून शरीरापाशी काय शिल्लक ठेवले याची बेरीज कोणी केली नाही.

"आम्ही तर सडपातळ आहोत, आम्हाला कसली भीती?" असे कित्येक जण म्हणतात. त्यांनी पुण्याच्या एका गृहस्थांची गोष्ट ऐकावी. डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहाचे संशोधक. त्यांनी आणि लंडनच्या जॉन यूडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात आपल्या दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. जो निर्देशांक डॉक्टर काढतात तो दोघांचा 22.3. पण यूडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! यूडकिन मॅरेथॉन धावणारे. आणि याज्ञिकांचा व्यायाम कोणता, तर रुग्णालयातील लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी धावत जाऊन आत शिरणे, अशी थट्टा त्यांनी तेथेच नोंदवून ठेवली आहे. हा भेद केवळ व्यायामाचा नव्हे. आनुवंशिकता, जन्मापूर्वीचे पोषण अशी इतरही कारणे त्यामागे असू शकतात, आणि याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला तो यासाठीच. पण तात्पर्य स्पष्ट आहे. आपल्याकडचा सडपातळ मनुष्य वरून बारीक आणि आतून जाड असू शकतो. सदरा सैल होतो म्हणून प्रकृती चांगली, हा शिंप्याचा निकष झाला, वैद्याचा नव्हे.

यावर उपाय म्हणून व्यायाम करावा, हे सर्वांना मान्य आहे. अडते ते पुढे. आमच्या परिचयाचे एक वृद्ध रेल्वे कामगार आहेत. बत्तीस वर्षे त्यांनी घर ते शेड सायकल मारली; आज पंचाहत्तरीतही भाजी आणावयास सायकलीनेच जातात. त्यांचे चिरंजीव एका बँकेत आहेत. घरापासून बँक अडीच किलोमीटर. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी चिरंजीवांच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज अर्धा-पाऊण तास हालचाल करण्यास सांगितले. चिरंजीव आज्ञाधारक. त्यांनी तत्काळ अठरा हजार रुपये खर्चून घरात व्यायामाची सायकल आणली. पहिला महिना ती फिरली, दुसऱ्या महिन्यात तिच्यावर टॉवेल वाळू लागले, आणि चौथ्या महिन्यात तिचे हँडल पिशव्या अडकविण्याच्या कामी आले. या काळात बँकेस जाणे मोटारसायकलीने चालूच होते. एके दिवशी आमच्यादेखत वडिलांनी विचारले, "अरे, जी जागची हलत नाही तिला सायकल कशाला म्हणायचं?" चिरंजीव म्हणाले, "अप्पा, सकाळी वेळच होत नाही हो." अप्पा म्हणाले, "मला तरी कुठं होत होता? मी कामाला जात होतो."

अप्पांच्या या वाक्यात जेवढे शहाणपण आहे तेवढे पुष्कळ पुस्तकांत सापडणार नाही. त्यांनी बत्तीस वर्षांत एक दिवसही व्यायाम केला नाही. ते कामाला जात होते. व्यायाम ही जेव्हा दिवसातील एक निराळी, पवित्र आणि ऐच्छिक गोष्ट होते, तेव्हा ती रोज नव्याने ठरवावी लागते. आणि जी गोष्ट रोज ठरवावी लागते ती एक दिवस राहते, मग दोन दिवस राहते, आणि अखेर तिच्यावर टॉवेल वाळतात. आपल्याकडे तालमीची परंपरा मोठी आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केवढ्या निष्ठेने केला हे सर्वश्रुत आहे. त्या साधनांची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ती निश्चयी पुरुषांची साधने आहेत. आमच्यासारख्या सामान्य, आळशी, संसारी माणसास निश्चय एकदाच पुरतो. म्हणून तो अशा जागी खर्च करावा की जेथे पुढचे काम सवयच करील. सायकलीने कचेरीत पोचलेल्या मनुष्यास संध्याकाळी घरी यावेच लागते. त्याचा परतीचा व्यायाम त्याच्या इच्छेवर ठेवलेलाच नसतो!

हे तत्त्व केवळ अप्पांचे नव्हे. लंडनात जेरी मॉरिस या डॉक्टराने दुसऱ्या महायुद्धानंतर दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास केला आणि तो 1953 साली 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध केला. एकाच गाडीवरचे दोन नोकर : चालक दिवसभर बसलेला आणि वाहक दिवसभर जिना चढणारा. वाहकाच्या वाट्याला दिवसाकाठी 500 ते 750 पायऱ्या येत. चालकांच्या मानाने वाहकांना हृदयविकार पुष्कळ कमी होत असे, आणि झालाच तर तो तितका घातक नसे. पुढे टपालखात्यातही तेच दिसले : पत्रे वाटीत हिंडणारा शिपाई कचेरीत बसणाऱ्या कारकुनापेक्षा सुरक्षित. या वाहकांपैकी कोणी प्रकृतीसाठी जिना चढत नव्हता. तो तिकिटे देण्यास चढत होता. मॉरिस स्वतः 2009 साली वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी वारले, हेही येथे नमूद करण्यास हरकत नाही.

आता आमच्या वाटेचा हिशेब करू. पाच किलोमीटर अंतर, गती ताशी 12 किलोमीटर, म्हणजे घाम फुटू नये इतकी बेताची. एका खेपेस 25 मिनिटे, दोन खेपांची 50, आठवड्याचे सहा दिवस धरले तर 300 मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढ माणसांसाठी आठवड्यास 150 ते 300 मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे. म्हणजे या वाटेने तिची वरची मर्यादा गाठली, आणि त्यासाठी घड्याळातून घेतले किती? मोटारसायकलीने हीच वाट दहा-बारा मिनिटांची; तेव्हा दिवसाकाठी फार तर अर्धा तास. ज्यांना वेळ होत नाही त्यांनी हा अर्धा तास आणि व्यायामशाळेत मोटारसायकलीने जाऊन यावयास लागणारा वेळ यांची एकदा तुलना करावी. 2017 साली ग्लासगो येथील संशोधकांनी ब्रिटनमधील सुमारे 2,63,000 लोकांची माहिती पाहिली, तेव्हा सायकलीने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका इतरांपेक्षा 41 टक्के कमी आढळला. मुळात निरोगी असलेलेच लोक सायकल अधिक वापरीत असतील, हा आक्षेप खरा आहे. संशोधकांनी वय, धूम्रपान, आहार इत्यादींचा विचार करूनही तो पूर्णपणे पुसला जात नाही. पण त्या आकड्याचा अर्धा भाग टाकून दिला, तरी उरलेला भाग कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणार नाही.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. पण आमच्या रस्त्यावर येताच सरळ गोष्टीस वळणे लागतात, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. चैत्र-वैशाखात या बाजूस पारा चाळिसाच्या पुढे जातो आणि रस्ते रुंद होताना कडेची झाडे गेली आहेत. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री मागचा दिवा नसताना धावतात. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाणाऱ्या किंवा पुणे–सोलापूर आणि पुणे–नगर हमरस्त्यांवर सायकलवाल्याला जागा म्हणजे पांढऱ्या पट्ट्याबाहेरची हातभर खडी. तीही उभ्या मोटारींनी अडविलेली. शिरूर तालुक्याच्या उसात बिबट्या आहे आणि त्याने माणसे मारली आहेत. तेव्हा पहाटे उसाच्या बांधाने एकट्याने सायकल मारा, असे तेथे आम्ही कोणास सांगणार नाही. 2022 या एका वर्षात देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. ज्या आईने या रस्त्यांवर मुलाला सायकल देण्यास नकार दिला, ती भित्री नव्हे. ती हिशेबी आहे.

परंतु येथेच हात टेकून बसावयाचे काय? नेदरलँड्समध्ये लोक जन्मतःच सायकल मारतात, असा आपला समज आहे. तो खरा नाही. युद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, सायकली हटल्या, आणि 1971 साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यांवर उतरले, आणि 'मुलांची हत्या थांबवा' अशा नावाची चळवळच उभी राहिली. आज जे सायकलींचे वेगळे मार्ग आपण चित्रांत पाहतो, ते स्वभावाने नव्हे तर त्या भांडणाने मिळाले. आपल्या पुण्याच्या महापालिकेनेही 2017 साली सायकलींचा आराखडा मंजूर केला. पण मोठ्या शहराचे मार्ग निघतात तेव्हाही तालुक्याच्या गावाचा विचार कोणी करीत नाही. वास्तविक सोय येथेच अधिक. दौंड ते कुरकुंभ हा दहाएक किलोमीटरांचा पट्टा घ्या. एका टोकास रेल्वे स्टेशन, दुसऱ्या टोकास कारखाने, मधला मुलूख बहुतेक सपाट. कडेने सात-आठ हात रुंदीचा, खडीने नव्हे तर डांबराने केलेला आणि दोहो बाजूंस लिंबाची झाडे लावलेला निराळा मार्ग येथे काढला, तर तो वापरण्यास माणसे शोधून आणावी लागणार नाहीत.

दुसरी अडचण रस्त्यावर नसून मनात आहे. एका मोठ्या कचेरीच्या दारी पहारेकऱ्याने आम्हांस सायकल आत नेऊ दिली नाही. मोटारींसाठी छप्पर होते, मोटारसायकलींसाठी आखलेल्या जागा होत्या, सायकलीसाठी म्हणाल तर बाहेरची गटाराकडेची भिंत. पहारेकऱ्याचा काय दोष? सायकलीवरून येतो तो माळी किंवा मजूर, अशी त्याची शिकवण. ज्या वाहनाने आपल्या आधीच्या पिढीने फिया भरल्या, घरे बांधली, मुले शिकविली, त्याची आपल्याला लाज वाटते. आणि पुण्यातील एखादा तरुण लाखाची परदेशी सायकल मोटारीच्या टपावर बांधून रविवारी आमच्या घाटा-माळांवर येतो, तेव्हा मात्र आपण कौतुकाने बघत उभे राहतो. त्या तरुणाचाही आम्हांस राग नाही. फक्त इतकेच वाटते की, रविवारी साठ किलोमीटर जाणाऱ्याने सोमवारी तीन किलोमीटर जावे.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. सकाळी दहाच्या सुमारास शिरूरच्या व दौंडच्या रस्त्यांवर ज्या सायकली अद्याप दिसतात, त्यांतील पुष्कळशा शाळेत जाणाऱ्या मुलींच्या असतात. दोन वेण्या, पाठीवर दप्तर, तिघी तिघींच्या ओळीत बोलत जाणाऱ्या. बिहारात 2006 साली सरकारने नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, त्यामुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत असणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढले, आणि मुलगे व मुली यांच्यातील अंतर 40 टक्क्यांनी घटले. एका सायकलीने हे घडते! पण आमच्या रस्त्यावर आम्ही जे पाहतो ते याच्या पुढचे आहे. दहावी झाली, फार तर बारावी झाली, की त्या मुलीची सायकल धाकट्या भावाकडे जाते. कॉलेजास ती एस.टी.ने जाते, लग्नानंतर नवऱ्याच्या मागे मोटारसायकलीवर एका अंगाने बसते, आणि पुन्हा स्वतःच्या पायांनी कोठे जाण्याचा तिचा अधिकार संपला असे सर्वजण धरून चालतात, तीही. वर ज्या पाहणीचा उल्लेख केला तीतही निष्क्रियता पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळली. घरात ती दिवसभर राबते, हे खरे. पण राबणे आणि मोकळ्या हवेत आपल्या गतीने जाणे यांत अंतर आहे. सोळाव्या वर्षापर्यंत जिचे पाय रोज आठ किलोमीटर फिरत होते, तिला चाळिसाव्या वर्षी डॉक्टर फिरावयास सांगतात, तेव्हा मधली चोवीस वर्षे ती सायकल कोठे होती, हा प्रश्न डॉक्टराने नव्हे तर घरातील माणसांनी स्वतःस विचारावयाचा आहे.

म्हणून आमची मागणी तीन ठिकाणी आहे. सरकारी बांधकाम खात्याकडे ती रस्त्याच्या कडेची आहे. कारखानदारांकडे व कचेऱ्यांकडे ती एका पत्र्याच्या छपराची, हवेच्या पंपाची आणि तोंड धुण्यास नळाची आहे. या दोन गोष्टींस वर्षे लागतील. त्यांसाठी नगरपालिकेत, ग्रामसभेत आणि जरूर पडल्यास रस्त्यावर भांडावे लागेल, आणि ते भांडण सायकलवाल्यानेच करावयाचे आहे. जो रस्त्याच्या कडेने कधी जात नाही त्याला कडेची खडी टोचत नाही. तिसरी मागणी घराकडे आहे आणि तिला कोणाची मंजुरी लागत नाही. तीन किलोमीटरांच्या आतील कामास, रस्ता बरा असेल तेथे, मोटार काढू नये. माळ्यावर धूळ खात पडलेली सायकल खाली काढून तिचे टायर, चेन आणि ब्रेकचे रबर बदलण्यास एका महिन्याच्या पेट्रोलपेक्षा अधिक खर्च येत नाही. आणि मुलगी दहावी झाली म्हणजे तिची सायकल धाकट्याला देऊ नये. त्याच्यासाठी दुसरी घ्यावी, सीट उंच करून हिची हिच्याकडेच राहू द्यावी. आणि लग्नाच्या वेळी भांड्यांबरोबर तीही तिच्याबरोबर पाठवावी.